तीन नंबरचं पाणी

२ नोव्हेंबर, रविवार

तनुजा गेली सकाळच्या गाडीने. दिवाळी संपल्यावरही आठवडाभर राहिली, पोटभर गप्पा मारल्या, आणि खरी गोष्ट काढली ती उंबऱ्यात चप्पल घालताना! फेब्रुवारीपासून ऋषिकेशला बोलावणं आहे. गंगेवर. आत्तापर्यंत कोलाडला कुंडलिका नदीत ती मोठ्या गाइडच्या हाताखाली राफ्ट, म्हणजे रबरी नाव, नेते. ते दोन-तीन नंबरचं पाणी. तिकडे चार नंबरचं. त्याआधी या महिन्यातच कोलाडला तिची परीक्षा आहे. पास झाली तर गाइड म्हणून पक्की, आणि पुढचा रस्ता मोकळा.

"तुम्ही हो म्हणलात तरच जाईन, बाबा," म्हणाली आणि रिक्षात बसली.

सुरेखाला विचारलं. ती फराळाचे डबे घासत होती. म्हणाली, "मला नका विचारू. लोकांना गाडी शिकवताय, ब्रेक तुमच्या पायाखाली असतोय. तुम्हीच ठरवा."

पोरगी चोवीस वर्षांची, स्वतः कमावती, आणि अजून बापाला विचारून पाऊल टाकते. छाती फुगली हे इथं लिहायला हरकत नाही. पण चार नंबर म्हणजे नेमकं काय, ते विचारायचं राहूनच गेलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

क्रांती चौकातल्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात तात्यासाहेब रोजच्यासारखे पेपर वाचायला येऊन बसले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, राहायला आमच्या मागच्याच गल्लीत. साठी उलटल्यावर गाडी शिकले — माझ्याकडेच! त्यांना म्हटलं, पोरगी आता चार नंबरच्या पाण्यात जाणार. पेपर खाली न करताच म्हणाले, "चार? म्हंजी चतुर्थ श्रेणी. शिपाई झाली म्हणा की. क्लास वन का नाय घेतला?"

हसावं का रागवावं कळेना. आणि खरं म्हणजे एक मोठा की सहा मोठा, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिथूनच तनुजाला फोन लावला, तात्यासाहेबांना ऐकू जाईल असा.

तिने शांतपणे सांगितलं. नदीत जिथं खडकांतून पाणी खळाळत उतरतं तो रॅपिड, आणि हे नंबर त्या रॅपिडचे. एक म्हणजे नुसतं वाहतं पाणी, आजीबाईही बसतील. दोन म्हणजे लाटा आहेत पण वाट समोर दिसते. तीन म्हणजे लाटा वाकड्यातिकड्या, खडक चुकवत वळावं लागतं. चार म्हणजे पाण्याला मोठा जोर, वळायचं तिथंच वळायचं, आणि त्यात शिरण्याआधी काठावर उतरून वाट पाहून यायची. पाच म्हणजे असे कितीतरी एकाला एक लागून, मध्ये दम घ्यायलाही जागा नाही. "आणि सहा?" मी विचारलं.

"सहाला राफ्ट खांद्यावर घ्यायची आन काठानं चालत जायचं, बाबा."

तात्यासाहेब म्हणाले, "आमच्या हापिसापेक्षा उलटंच हाय हे समदं."

मी मात्र टेबलावर हात मारला. अहो, हे तर मी कधीचं शिकवतोय! आपल्या शहरातलं आमखास मैदान म्हणजे एक — नवशिक्याने स्टिअरिंग धरून बघावं. छावणीतले रस्ते दोन. सकाळचा जालना रोड तीन. संध्याकाळचा क्रांती चौक, पुलावरून नव्हे, पुलाखालून — चार. दिवाळीच्या आदल्या दिवशी गुलमंडीचा बाजार पाच. आणि ईदच्या संध्याकाळी शहागंज सहा. तिथं गाडी न्यायचीच नाही, लांब लावायची आणि पायी जायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझ्या अकलेने मी ठरवलं. बाप रस्त्याला नंबर लावतो, लेक पाण्याला. खाण तशी माती!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळच्या बॅचला रॅपिडचे सहाही नंबर समजावून सांगितले. एक बाई म्हणाल्या, "सर, आधी रिव्हर्स शिकवा."

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा फोन. मी विचार करून ठेवला होता. म्हटलं, पाणी जितक्या उंचावरून पडतं तितका नंबर मोठा, बरोबर? नाही म्हणाली. मग आवाजावर? तेही नाही.

"वाट किती सरळ दिसते, किती नेमकं वळावं लागतं, आणि चुकलं तर पुढं काय वाढून ठेवलंय, त्याच्यावर. आन नंबर काही नदीच्या कपाळावर लिहिलेला नसतो, बाबा. त्या दिवशीच्या पाण्याचा असतो. वरून जास्त सोडलं की दोनचा तीन होतो."

अगदी! क्रांती चौक पहाटे काय आणि संध्याकाळी काय. पोरगी हुशार आहे हे मी नेहमी म्हणतो.

मग तिने मुद्द्याचं काढलं. परीक्षेच्या दिवशी राफ्टमध्ये नवी माणसं लागतात. ज्यांनी जन्मात वल्हं धरलेलं नाही अशी. कंपनी देते शोधून, पण आपली कुणी येणार असतील तर चालतील. "तुम्ही येता का?" एवढं हळू विचारलं की मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालीस म्हणून.

येतो म्हणालो. आणि माणसंही मीच आणतो म्हणालो. मग आता राहिलंय काय!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माणसं जमली. तात्यासाहेब — बायकोला तीर्थयात्रा सांगणार आहेत म्हणे. संध्याताई, दवाखान्यात सिस्टर आहेत, गेल्या वर्षी गाडी शिकल्या. आणि बिडकीनचा गोकुळ, बी-बियाण्यांचं दुकान चालवतो, सात माणसांची गाडी त्याचीच. तिघंही माझे विद्यार्थी. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितलेलं — नजर लांब, हात ढिला. ज्याची नजर बॉनेटवर तो ठोकणार, ज्याचा हात आवळलेला तोही ठोकणार.

गोकुळला विचारलं, भीती वाटते का? "तुम्ही संगं हायत ना सर, मग काय भ्यायचं?"

तयार झालेली माणसं आहेत ही. "ब्रेक" एवढा शब्द माझ्या तोंडून पडला की पाय आपोआप दाबला जातो, डोक्याला विचारत बसत नाही. मागे एकदा तात्यासाहेब चौकातून पायी चालले होते, मागून नुसतं "ब्रेक!" म्हणालो. जागच्या जागी उभे! नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण शिकवणं म्हणतात ते असं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुरेखा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "परीक्षा तिची हाय का तुमची?"

म्हटलं, दोन परीक्षा आहेत. एक तिच्या साहेबांची, दुसरी माझी. मी राफ्टमध्ये बसणार, तिचा हात बघणार आणि मगच ऋषिकेशचं ठरवणार. कच्चा माणूस मी आजवर रस्त्यावर सोडला नाही. पाण्यात तर पोटची पोर सोडायची आहे.

"आन क्रांती चौकात तिला गाडी दिली का कधी?"

हिचं हे असं असतं. अहो, लायसन मीच काढून दिलं की तिला. गावी जाताना देवगाव रंगारीपर्यंत गाडी तिच्याच हातात असते. फक्त मी शेजारी बसतो आणि माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझा पाय असतो. परत येताना चौक जवळ आला की आम्ही जागा बदलतो. यात बिघडलं काय? घाई कुणाला आहे?

"एष्टीत बसलात तरी उजवा पाय दाबीत राहता. लगीन झाल्यापासून चालत्या गाडीत तुमचा डोळा लागलेला मी बघितला नाय," म्हणाली. ती याला तक्रार समजते, मी तारीफ समजतो. ज्याच्या भरवशावर लोक गाडीत बसतात त्याला झोप कशी परवडेल?

पण पोळी करपली तिची, बोलण्याच्या नादात. ती मला वाढली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. कोलाड

पोचलो. गाडी गोकुळने चालवली. पुण्याच्या पुढे तात्यासाहेब घोरत होते, संध्याताईही मान टाकून झोपल्या. ताम्हिणी घाटात मी एकटाच गोकुळच्या शेजारी जागा. त्याच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी पाय दाबून दाबून पोटरी दुखायला लागली.

नदीकाठी तंबू आहेत. तनुजा राफ्टमध्ये हवा भरत होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहरा उन्हाने रापलेला. तिथली दणकट पोरं तिला "ताई, हे कुठं ठेवू, ताई, ते कुठं ठेवू" विचारत होती. मी थोडा लांबच उभा राहिलो. तिचं लक्ष जाईपर्यंत बघत राहिलो.

परीक्षक उत्तराखंडातून आलेत. पांढरी मिशी, बोलणं कमी. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मलाही शहरात निम्मे लोक उस्तादच म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. "अच्छा," म्हणाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तळहाताला फोड आलेत. पेन नीट धरता येत नाही, आणि लिहावंसंही वाटत नाही. पण लिहितो.

सकाळी नदी म्हणजे नुसते गोटे होते. वर वीजघरातून पाणी सोडलं आणि बघता बघता पात्र भरलं. तनुजाने आम्हाला शिकवलं — राफ्टच्या फुगलेल्या कडेवर बसायचं, पाऊल मधल्या फुगवट्याखाली अडकवायचं. "हा पाय निघाला की माणूस निघाला," माझा पाय स्वतः हाताने आत सारून म्हणाली. फॉरवर्ड म्हटलं की वल्हं पुढे मारायचं, बॅक म्हटलं की उलटं, स्टॉप म्हटलं की थांबायचं. ती मागे, आम्ही चौघं पुढे, दोघं-दोघं. उस्ताद एका छोट्या होडीत, आमच्या बाजूबाजूने.

पहिला रॅपिड लांबूनच गरजत होता. मी दात आवळले. एक हलका झोका बसला, तोंडावर पाणी आलं आणि संपलं! मागून तनुजा म्हणाली, "हा दोनचा, बाबा. नुसता ओरडतो." असे तीन-चार गेले. तात्यासाहेब लहान पोरासारखे हसत होते. मी मनात तिला मार्क देत होतो. वळण बरोबर, अंदाज बरोबर, आवाजात घाई नाही. पैकीच्या पैकी.

मग बोकड आला. तिथली पोरं त्या रॅपिडला बोकड म्हणतात, कारण मधोमध एक खडक टक्कर द्यायला उभा असतो. तीन नंबर. पण आवाज काही नाही. पाणी तेल लावल्यासारखं गुळगुळीत आणि खाली कललेलं. बिडकीनकडचा रुंद रस्ता असाच मोकळा दिसतो आणि तिथंच नवी पोरं चुकतात, हे माझ्या मनात आलंसुद्धा.

खडक बरोबर नाकासमोर. आणि मागून तनुजा म्हणते, "फॉरवर्ड! जोरात, फॉरवर्ड!"

खडकावर? जोरात? माझ्या तोंडून निघून गेलं — "ब्रेक!"

माझे तिन्ही विद्यार्थी एका दमात थांबले. वल्ही वर. तिघांनीही उजवा पाय अडकवलेल्या जागेतून काढला आणि राफ्टच्या तळावर दाबला. तेवढ्या गडबडीतही एक क्षण वाटलं, शाबास! कारण मीही तोच पाय दाबला होता.

नावेला ब्रेक नसतो. वल्ही थांबली की ती पाण्याच्या मालकीची होते. राफ्ट आडवी झाली, खडकावर बसली, आणि मी बाहेर.

पाण्याखाली काही दिसत नाही, फक्त हिरवं दिसतं. वर आलो तेव्हा एकच आवाज ऐकू येत होता. "पाय पुढं! बोटं वर! बाबा, पाय पुढं!" तसं केलं. मला पोहायला येत नाही, पण ऐकायला येतं. पाठ खडकांवरून घासत गेली. तिकडे तिने बाकीच्यांना ओरडून खडकाच्या बाजूला लोटलं, राफ्ट सुटली, माझ्यामागे आली. माझ्या लाइफ जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून ती मागे पडली आणि तिच्या अंगावर मी. एवढा मोठा माणूस तिने एका हिसक्यात वर घेतला.

"लागलं का कुठं?" एवढंच विचारलं. मग लगेच दुसऱ्यांकडे वळली. "पाय अडकवा. फॉरवर्ड."

काठाला लागल्यावर उस्ताद माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रागावले नव्हते. म्हणाले, "पानी तीन नंबर का था, साहब. नाव में उस्ताद दो थे, तो चार का हो गया."

तनुजाला म्हणाले, आदमी अच्छा निकाला. मगर टीम तेरी नहीं सुन रही थी. कल सुबह फिर. यही पानी, यही लोग. कल नहीं हुआ तो अगले साल.

पुढच्या वर्षी म्हणजे ऋषिकेश गेलं.

ती लांब जाऊन राफ्ट धुवत बसली. पाठ माझ्याकडे. धुतलेलीच राफ्ट पुन्हा पुन्हा धुवत होती. बाप म्हणून गेलो होतो, परीक्षक म्हणून मिरवलो, आणि पोरीचा पेपर मीच फाडला. याहून जास्त काय लिहू.

संध्याकाळी चहा घेऊन तिच्याजवळ गेलो. म्हटलं, उद्या मी काठावर थांबतो. तुझ्या कंपनीचं कुणी बसव माझ्या जागी.

"नाय. यही लोग म्हणाले ते. आन तुम्ही काठावर राहिलात तर हे तिघं काठाकडंच बघत बसतील." तिने चहा फुंकला. "तुम्ही उद्या एकदम पुढं बसा, टोकाला. पुढं बसल्यावर मागचं काय दिसत नाय. मी दिसणार नाय तुम्हाला."

मी विचारलं, खडक समोर असताना फॉरवर्ड का?

"पाण्यापेक्षा नाव जोरात असली तरच ती माझं ऐकते, बाबा. पाण्याइतकीच असली तर पाण्याचं ऐकते."

इतक्या वर्षांत असं वाक्य मला सुचलेलं नाही. चहा गार झाला तसाच प्यालो.

मग तंबूत जाऊन तिघांना सांगितलं — उद्या नावेत मी कुणी नाही. ब्रेक म्हणालो तरी ऐकायचं नाही. तात्यासाहेबांनी विचारलं, "आन चौकात?" म्हटलं, चौकात ऐकायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सामान गाडीत भरतायत तोवर लिहून घेतो.

मी टोकाला बसलो. समोर फक्त पाणी. मागे कोण काय करतंय काही कळत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी असा बसलेलो नाही. चालवणाऱ्याचे हात, त्याचे डोळे, त्याचा पाय, हे सगळं मला दिसत असतं. आज फक्त तिचा आवाज.

उस्ताद यही पानी म्हणाले होते, पण आज पाणी कालचं नव्हतं. तनुजाने बोकडाच्या वर राफ्ट काठाला लावली, एकटी उतरली, खडकावर चढून उभी राहिली. बराच वेळ बघत होती. परत आली आणि म्हणाली, "आज पाणी कालच्याहून जास्त हाय. तीनच्या वर सरकलंय. जमतंय. पण उजवीकडून जायचं, आन मी म्हणलं की दम लावायचा." उस्तादांनी होडीतून मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

राफ्टमध्ये चढतानाच संध्याताईंनी वल्हं आवळून धरलं होतं. मागून तनुजाचा आवाज आला, "ताई, नजर लांब. हात ढिला."

माझी मान वळायला लागली होती, ती मी वळू दिली नाही. शेजारून तात्यासाहेब माझ्याकडे बघत होते, तेवढं कळलं.

ते तेलकट पाणी आलं. खडक समोर. "फॉरवर्ड!" मी जीभ दातांत धरून वल्हं मारलं. खडक मोठा होत गेला. माझा उजवा पाय स्वतःहून निघायला बघत होता, तो मी आत रेटला. आणखी जवळ. मनात शंभर वेळा ब्रेक म्हणालो असेन. "फॉरवर्ड, अजून, अजून — स्टॉप!" तिने मागून एकच वळण घेतलं आणि तो खडक माझ्या खांद्याजवळून गेला. हात लावता आला असता. मग लाट, मग दुसरी लाट, आणि आम्ही पाचही जण राफ्टमध्ये, सपाट पाण्यावर.

मग गोकुळ म्हणाला, "लई भारी, ताई." आदल्या दिवसापर्यंत तो तिला तनू म्हणत होता.

उस्तादांनी काठावर तिच्या हातात हात दिला. पास. मी तिथंच वाळूत बसलो. लोक बघत होते, रडलो तर रडलो. माझी पोरगी आहे, सगळ्या नदीला कळू दे!

मग उस्ताद माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आज आप बहुत अच्छे बैठे." आजवर लाखो शब्द बोललो असेन लोकांना शिकवताना. न बोलण्याबद्दल कुणी शाबासकी दिली नव्हती.

ऋषिकेशचं तिने काढलं नाही. मीही काढलं नाही. दोन परीक्षा म्हणालो होतो ना घरी. आज तिने मला दाखवायचं ते दाखवलं, तरी "हो" हा शब्द घशातच राहतोय. चार नंबर म्हणजे चार नंबर. सुरेखाला काय सांगायचं ते गाडीत ठरवतो.

तनुजाला चार दिवस सुट्टी मिळाली, आमच्याबरोबरच घरी येतेय. गोकुळच्या हाताला फोड आलेत, स्टिअरिंग धरवत नाही म्हणतो. किल्ली कुणाला द्यायची म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. माझेही हात सोललेत.

किल्ली तिला दिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल गाडी तनुजाने आणली. तात्यासाहेबांचे गुडघे धरले होते, म्हणून पुढची सीट त्यांना दिली. मी मागे बसलो. नगर आलेलं आठवतं. पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा आमची गल्ली होती आणि तनुजा गाडी लावत होती. तात्यासाहेबांची सीट रिकामी. संध्याताई म्हणाल्या, बायकोसाठी तीर्थयात्रेचे पेढे घ्यायचे होते म्हणून त्यांना क्रांती चौकात पुलाखाली उतरवलं, ऐन गर्दीत, मागून सगळे हॉर्न मारत होते. दार उघडलं, लागलं. तुम्हाला काही पत्ताच नव्हता, सर.

आज सकाळी सुरेखाने विचारलं, "मग? ऋषिकेशचं काय ठरवलं?"

म्हटलं, "नगरपासून घरापर्यंत झोपलो होतो."

तिने माळ्यावरून तनुजाची मोठी बॅग काढली आणि झटकून उन्हात ठेवली.